घरोघरचे दप्तर आणि एक साधा कॅमेरा

ऑगस्ट 2024 मध्ये बिहारमध्ये राज्यव्यापी भूमी सर्वेक्षणाला सुरुवात झाली आणि गावोगावच्या माळ्यांवरून, कणग्यांमागून पत्र्याच्या पेट्या खाली उतरू लागल्या. जमीनधारकांना स्वयंघोषणापत्र आणि वंशावळ सादर करायची होती. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील खतियान, खरेदीखते, वाटणीपत्रे, मालगुजारीच्या पावत्या शोधणे भाग होते. अनेकांच्या हाती आले ते वाळवीने खाल्लेले गठ्ठे. जे कागद शाबूत होते त्यांतील बरेचसे कैथी लिपीत होते आणि ती लिपी वाचू शकणारा माणूस पंचक्रोशीत उरलेला नव्हता. माझ्या घरीही अशीच एक पेटी निघाली. सारी नोकरी इतरांचे महसुली कागद तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या स्वतःच्या दप्तराची ही अवस्था होती, हे कबूल करताना संकोच वाटतो.

त्या पेटीपायी मी पासष्टी ओलांडल्यावर एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला आणि मुलाने मागे ठेवलेल्या जुन्या संगणकापुढे बसायला शिकलो. हे काम सरकारचे नाही का, असे एका स्नेह्याने विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र अडचणीचे आहे.

आपल्याकडे अभिलेखांची काळजी घेणाऱ्या व्यवस्था नाहीत असे नाही. 1891 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेले इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट आज दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून उभे आहे आणि त्याच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या जुनी कागदपत्रे पाहता येतात. सार्वजनिक अभिलेख अधिनियम 1993 चा आहे. पण नावाप्रमाणेच तो शासकीय कागदांपुरता आहे. 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा झाली. पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची जी व्याख्या केली, तिच्यात किमान 75 वर्षांचे वय आणि ज्ञानविषयक आशय यांची अट होती. फर्माने, महसुली नोंदी यांसारखे ऐतिहासिक अभिलेख त्यातून वेगळे काढले होते. वेद, वैद्यक, ज्योतिष यांच्या पोथ्या व्याख्येत बसल्या. माझ्या पणजोबांची मालगुजारीची पावती ना शासकीय अभिलेख ठरते, ना हस्तलिखित. अभिलेखागार खासगी संग्रह स्वीकारू शकते हे खरे. परंतु त्यासाठी ते राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाचे असावे लागतात, आणि सामान्य रयतेच्या पेटीला तसे महत्त्व कोण देणार?

महाराष्ट्रातील वाचकांना ही अडचण कदाचित तितकी तीव्र वाटणार नाही. रयतवारी पद्धतीत सरकारचा व्यवहार थेट कुळाशी होता, त्यामुळे गावपातळीवरचे दप्तर शासनाकडे साठत गेले. बंगाल-बिहारमध्ये 1793 च्या कायमधारा पद्धतीने सरकार आणि रयत यांच्यामध्ये जमीनदार उभा केला. वसुली त्याच्या कचेरीत होई, पावती त्याचा पटवारी वा गुमास्ता देई. 1950 च्या कायद्याने जमीनदारी गेली. कचेऱ्यांतील सगळे दप्तर मात्र सरकारजमा झाले नाही. म्हणून त्या काळातील कित्येक व्यवहारांचा एकमेव उरलेला पुरावा रयतेच्या घरी आहे. सरकारी अभिलेख कक्ष शंभर टक्के संगणकीकृत झाला तरी हा कागद त्यात सापडायचा नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच.

आणि तो किती सहज नाहीसा होतो! 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला, नदीने मार्ग बदलला आणि सुपौल, मधेपुरा, अररियाकडील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. मी त्या वेळी सेवेत होतो. मदत शिबिरात एक वृद्ध गृहस्थ छातीशी ओले बासन धरून दोन दिवस बसून होते. उन्हात वाळवायला म्हणून ते सोडले तेव्हा आत लगद्याखेरीज काही नव्हते. त्यांना धान्य, कपडा, अनुदान सगळे देता आले. ते बासन परत देता आले नाही.

तेव्हा कॅमेऱ्याकडे वळू. मोबाइल असताना कॅमेरा कशाला, असे तरुण विचारतील. मोबाइलने काम होते, नाही असे नाही. पण कागद ‘स्कॅन’ करणारी ॲप्स पार्श्वभूमी पांढरी करण्याच्या नादात फिकट शाई आणि जलचिन्हही पुसून टाकतात, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्र आपोआप दाबून लहान केले जाते. सपाट स्कॅनरमध्ये जीर्ण घडी दाबली की तुटते. साध्या कॅमेऱ्यात ट्रायपॉडसाठी खाली आटे असलेले छिद्र असते, चित्रे एका कार्डावर क्रमाने साठतात आणि मध्येच फोन वाजत नाही. मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये. ए-फोर आकाराचा कागद इंचाला 300 बिंदू या दराने टिपायचा तर साधारण 3500 गुणिले 2480, म्हणजे 87 लाख बिंदू पुरतात. बारा-सोळा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा या कामाला पुष्कळ झाला.

पहिली चूक मी घड्याळाची केली. कॅमेऱ्यात तारीख घातलीच नाही, त्यामुळे पहिल्या साठ-एक चित्रांवर भलत्याच वर्षाचा एक जानेवारी उमटला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कालनिश्चितीत असा घोळ घालावा, याचे घरात पुष्कळ हसे झाले. दुसरी चूक फ्लॅशची. जुन्या शाईवर आणि गुळगुळीत स्टँपपेपरवर त्याचा पांढरा डाग पडतो. फ्लॅश बंद करून खिडकीशी, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी बसावे. मुद्रांकाचा उठाव दिसत नसेल तर त्याच कागदाचे एक चित्र तिरप्या प्रकाशात घ्यावे. दबलेली अक्षरे सावलीने वर येतात. कॅमेरा कागदाला समांतर आणि ट्रायपॉडवर पक्का हवा. अगदी जवळून टिपले तर कडेच्या ओळी पोट काढतात, म्हणून हातभर मागे जाऊन थोडा ऑप्टिकल झूम वापरावा. डिजिटल झूम मात्र नको, तो केवळ चित्र कापून फुगवतो. बोटाच्या दाबानेही कॅमेरा हलतो, त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. कागदाशेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. कोरी वाटली तरी मागची बाजू टिपावी. हे शेवटचे मी तिसऱ्या गठ्ठ्यापासून पाळू लागलो आणि पहिले दोन पुन्हा उघडावे लागले.

इथवरचे सारे चार दिवसांत जमते. खरे काम संगणकावर सुरू होते, आणि सरकारी योजनाही नेमक्या इथेच अडखळतात. सेवेत असताना मी एका कार्यालयात अभिलेखांच्या प्रतिमांच्या सीडींनी भरलेले कपाट पाहिले होते. मोठा खर्च करून केलेले काम होते ते. दहा-बारा वर्षांनी त्यांतील काही सीडी उघडेनात. ज्या उघडल्या त्यांतील फायलींना नावे नव्हती, नुसते कॅमेऱ्याने दिलेले आकडे होते, आणि कोणता आकडा कोणत्या गावाचा हे सांगणारी वही कुणालाच सापडली नाही. 1975 मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला 23 सेकंद लागत. आज ती कॅसेट वाजवायचे यंत्रही घरात मिळणार नाही. त्याच काळातला कागद मात्र डोळ्यांनी वाचता येतो.

म्हणून कार्डावरची चित्रे संगणकात उतरवताच त्यांना नावे द्यावीत: ‘पेटी1_गठ्ठा03_कागद017_मागे’ अशी. आकडा तीन अंकी ठेवावा, नाहीतर कित्येक ठिकाणी दोनच्या आधी दहा येतो. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला होता तो क्रम मोडू नये. वरवर असंबद्ध दिसणारी पावती एखाद्या खरेदीखताला का बांधली होती, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. मूळ चित्राला हात लावू नये, उजेड-काळोखाची दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करावी. जेपीईजी फाइल बदल करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी झिजते. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी नातलगांकडे. माझ्या पेटीची सुमारे 900 चित्रे पाच जीबीच्या आत बसली. आणि सोबत एक यादी: कागद कशाचा, कोणत्या लिपीत, कुणाची नावे, वाचला की नाही.

एक इशारा द्यायला हवा. चित्र घेतले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाविषयी न्यायालय जे गृहीत धरू शकते, ते 1872 च्या पुरावा कायद्यातून नव्या कायद्यातही आले आहे. ती सवलत मूळ कागदाची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी ‘हॅश’ मूल्यासह प्रमाणपत्र लागते. घरगुती चित्र म्हणजे आपोआप पुरावा नव्हे.

शासनाने काय करावे? फार नव्हे. सर्वेक्षणाच्या शिबिरात दाव्यापुरतेच कागद जातात, बाकीचे पेटीत परततात. जिल्हा ग्रंथालयाने एक टेबल, एक कॅमेरा आणि नावे देण्याची एकच ठरलेली पद्धत उपलब्ध करून दिली, कुटुंबाच्या संमतीने प्रत ठेवून घेतली, तर खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाहून कमी येईल. व्याख्येचा प्रश्न दिल्लीत सुटायला हवा: ‘ज्ञान भारतम्’च्या कक्षेत घरगुती महसुली कागद येतील का, हे स्पष्ट सांगितले जावे. लिपीचे म्हणाल तर जॉर्ज ग्रिअर्सन या बिहारमधील अधिकाऱ्याने 1881 मध्येच कैथीचे मार्गदर्शक पुस्तक छापले होते, आणि 2009 मध्ये कैथीला व 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थानही मिळाले. वाचणारी माणसे तयार करणे तेवढे राहिले आहे.

पहिले दोन गठ्ठे पुन्हा उघडल्याचे वर सांगितले. त्यांतील एका पावतीच्या मागे, जानेवारी 1934 च्या भूकंपानंतर कुणाला किती मण धान्य उसने दिले याची नोंद निघाली. खाली एका स्त्रीचा अंगठा. आमच्या वंशावळीत पुरुषांचीच नावे आहेत. अंगठ्याशेजारी कैथीत दोन शब्द आहेत, बहुधा तिचे नाव. मी अजून ते लावू शकलेलो नाही. यादीत त्या कागदापुढे ‘न वाचलेला’ अशी नोंद आहे, आणि चित्र मोठे करून मी ते अधूनमधून पाहत असतो.