आरोग्यसेवेची उपलब्धता आणि सामाजिक विषमता : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर

प्रस्तावना : आरोग्याचा प्रश्न हा केवळ वैद्यकशास्त्राचा नसून समाजरचनेशी निगडित असा प्रश्न आहे. मॅक्स वेबरने वर्गाचा विचार 'जीवनसंधी'च्या संदर्भात केला. वेळेवर उपचार मिळणे ही अशीच एक जीवनसंधी होय. १९७१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 'व्यस्त सेवा नियम' मांडला. जेथे गरज अधिक तेथे चांगली सेवा कमी, असे त्याचे सूत्र आहे. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील तीन शहरांच्या संदर्भात हा नियम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ व बदलापूरची १,७४,२२६ होती. बदलापूर २००१ मध्ये एक लाखाच्याही आत होते. शहर वाढले, तरी तेथील शासकीय रुग्णालय दीर्घकाळ 'ग्रामीण रुग्णालय'च राहिले. तीनही शहरे कल्याण-कर्जत या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. त्यामुळे अंतर ही येथील मुख्य अडचण नव्हे. मुख्य अडचण रोजगाराच्या स्वरूपात आहे.

अंबरनाथच्या आयुध निर्माणीतील कायम कर्मचाऱ्यास निर्माणीचे स्वतंत्र रुग्णालय लाभते. औद्योगिक वसाहतीतील कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने कामगार विमा योजना आली आणि उल्हासनगर येथे तिचे रुग्णालयही आहे. मात्र ही योजना सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची जबाबदारीही कायद्याने मूळ मालकावर टाकली आहे. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने आपला हक्क सिद्ध करावा कसा?

याहून बिकट स्थिती घरकाम पद्धतीने राबणाऱ्या स्त्रियांची आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वाढलेले उल्हासनगर पुढे जीन्सच्या व्यवसायासाठी ओळखले जाऊ लागले. घरी बसून कपड्यांचे धागे कापणारी स्त्री नगावर मजुरी घेते. तिचा मालक निश्चित नाही, म्हणून विमाही नाही. तिच्यासाठी उरते ते उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणूनच वस्तीतील खासगी दवाखान्यात सायंकाळी पैसे मोजणे तिला परवडते. गरीब माणूस अज्ञानापोटी खासगी डॉक्टरकडे जातो, असे आपण सुशिक्षित सहज म्हणून जातो; वस्तुतः तो हिशेब करूनच जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांचा प्रश्न तिने सुटत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्यामुळे तज्ज्ञसेवा जवळ येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. परंतु बाह्यरुग्ण विभाग सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडा राहणार, हा प्रश्न धागे कापणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने खाटांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.