देवांच्या पठारावर बटाट्याचं राज्य

मध्य जावातलं सेम्बुंगान हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 मीटरांवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेसहाशे मीटर वर. जावा बेटावरचं सर्वांत उंच गाव अशी त्याची ख्याती आहे आणि गावकरी ती अभिमानाने सांगतात. तेलागा चेबोंग नावाच्या लहानशा तळ्याकाठी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. घरांच्या मागून जो चढ सुरू होतो, तो डोंगराच्या माथ्यापर्यंत शेतीखाली आहे. बटाट्याच्या सऱ्या, मधूनच कोबी, गाजर, पातीचा कांदा आणि पुन्हा बटाटा. जंगल म्हणावं असं काही या उतारांवर फारसं उरलेलं नाही.

सेम्बुंगान हे डिएंग पठाराच्या कडेचं गाव. हे पठार म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखी संकुलाचा खोलगट तळ. त्याची उंची सुमारे 2,000 मीटर आहे आणि त्याच्यावर दोन जिल्ह्यांचा ताबा आहे: पूर्वेकडे वोनोसोबो, पश्चिमेकडे बांजारनेगारा. विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर असूनही इथे जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो. शहरातून आलेले पर्यटक त्याची छायाचित्रं काढतात. शेतकरी मात्र त्याला ‘बुन उपास’, म्हणजे विषारी दव म्हणतात, कारण त्याने एका रात्रीत बटाट्याचा पाला काळा पडतो आणि हाताशी आलेलं पीक जातं.

मराठी माणसाला डिएंगमध्ये पहिली ओळख पटते ती देवळांच्या नावांत. अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा, शिखंडी, द्वारावती. युधिष्ठिराला इथे पुंतादेवा म्हणतात. ही सगळी दगडी शिवमंदिरं आहेत. सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकापर्यंत ती उभी राहिली, असं मानलं जातं. बोरोबुदुर आणि प्रम्बानान यांच्याही आधीची. जावातल्या आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्यांची गणना होते. आकाराने ती छोटी आहेत. अर्जुन मंदिराच्या भिंतीतून अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी वाट पाहिली की आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या शिवालयाची आठवण होते. भीम मंदिराचं शिखर तर उत्तर भारतीय धाटणीचं आहे, आणि त्यावरच्या कमानींतून दगडी चेहरे बाहेर डोकावतात.

ही नावं बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. मूळ नावं विस्मरणात गेली आणि कित्येक शतकांनंतर गावकऱ्यांनी, वायांगच्या म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळांतून ओळखीची झालेली माणसं या दगडांना जोडली. म्हणूनच अर्जुनाच्या समोरच्या मंदिराचं नाव सेमार आहे. सेमार व्यासांच्या महाभारतात नाही. तो जावाचा स्वतःचा: पांडवांचा सेवक, विदूषक, आणि तरीही मुळात देव. आज डिएंगचे लोक मुसलमान आहेत. गावोगावी मशिदी आहेत, हजला जाऊन येणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, आणि त्याच गावांना अर्जुन-भीमही आपलेच वाटतात. आपण भारतीय हे पाहून लगेच ‘आपली संस्कृती कुठवर पोचली’ असं म्हणू लागतो. मला ते अपुरं वाटतं. जावाने महाभारत नुसतं सांभाळलं नाही, त्यात स्वतःची पात्रं घातली, स्वतःचे प्रसंग रचले, आणि ते इतकं आपलंसं केलं की धर्म बदलल्यावरही ते सुटलं नाही. श्रेय द्यायचं तर या कर्तृत्वाला द्यायला हवं.

असाच एक प्रसंग या पठारावर जमिनीखाली आहे. जावाच्या कथेत अश्वत्थामा रात्री भुयार खणत पांडवांच्या शिबिरात शिरतो. डिएंगमध्ये ‘गांगसिरान अस्वातामा’, म्हणजे अश्वत्थाम्याचं भुयार नावाची एक जुनी रचना आहे. प्रत्यक्षात ती आहे पाण्याच्या निचऱ्याची प्राचीन वाट. पठाराचा तळ खोलगट असल्यामुळे तिथे पाणी साचतं, दलदल होते. मंदिरं उभी करायची तर आधी हे पाणी बाहेर काढायला हवं, हे त्या काळच्या गवंड्यांनी ओळखलं आणि जमिनीखालून वाट करून दिली. पुढे वस्ती उठली, देखभाल थांबली, वाटा बुजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाहणीसाठी आलेल्यांना मंदिरं तळ्यात उभी दिसली. डच अमलात पाणी काढून टाकण्यात आलं, आणि 1864 मध्ये इसिदोर व्हान किन्सबर्गन यांनी या मंदिरांची छायाचित्रं घेतली.

पाणी कसं बाहेर काढायचं, हा डिएंगचा सर्वांत जुना प्रश्न आहे. तो अजून सुटलेला नाही. आता तो मंदिराच्या पायाशी नाही, बटाट्याच्या मुळाशी आहे.

इथे पूर्वी मका आणि तंबाखू होत असे. मक्याचाच भात करून लोक खात. 1980च्या दशकात बटाटा जोमाने पसरला. पश्चिम जावातल्या पांगालेंगानच्या डोंगराळ भागातून बियाणं आणि लागवडीची पद्धत आली. ग्रानोला ही जात इथल्या थंडीला मानवली. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं, वर्षातून दोन-तीनदा घेता येणारं पीक गरीब डोंगरी भागाला मिळालं, तेव्हा काय झालं असेल ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. कौलारू, लाकडी घरांच्या जागी पक्की घरं आली, मोटारसायकली आल्या, मुलं शहरात शिकायला गेली, म्हातारे मक्केला जाऊन आले. डिएंगच्या बटाट्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. या बटाट्याने एका पिढीची गरिबी संपवली, हे त्यांनी आधी मान्य करायला हवं.

पण या पिकाला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. कंद कुजतो, बुरशी धरते. डिएंगमध्ये पाऊस मुबलक. म्हणून शेतकरी सऱ्या उतारावर आडव्या काढत नाही, उताराच्या दिशेने, वरून खाली सरळ काढतो. पावसाचं पाणी सरीतून झरझर खाली जातं आणि पीक वाचतं. आपल्याकडे मृदसंधारणाचा पहिला धडा याच्या नेमका उलटा आहे: समपातळीत बांध घाला, आडवे चर खणा, पाणी थांबवा. डिएंगच्या शेतकऱ्यालाही हे कळतं. पाणी थांबलं तर मातीचं भलं होईल, पण या हंगामाचा बटाटा जाईल, आणि बियाण्यासाठी, औषधांसाठी काढलेलं कर्ज त्याच हंगामात फेडायचं असतं. अडाणीपणा म्हणून ही गोष्ट निकालात काढता येत नाही. हा शेतकऱ्याचा सरळ हिशोब आहे.

पाणी जातं तेव्हा माती घेऊन जातं. वरचा कसदार थर गेला की पुढच्या हंगामात कोंबडीखताच्या गोण्या वाढवाव्या लागतात. त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा बटाटाच घेतल्याने रोग आणि सूत्रकृमी वाढतात, मग फवारण्या वाढतात. खर्च चढत जातो आणि उत्पन्न घटतं. 1998 मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची राजवट कोसळली, त्यानंतरच्या सैल दिवसांत जावात ठिकठिकाणी सरकारी जंगलं तोडली गेली. डिएंगचे उतारही त्यातून सुटले नाहीत. झाडं होती तिथेही सऱ्या पोचल्या.

ही माती जाते सेरायू नदीत. सेरायूचा उगम याच पठारावर, ‘तुक बिमा लुकार’ नावाच्या झऱ्यात. कौरवांशी शर्यत लावून भीमाने ही नदी खणली, अशी कथा आहे. झऱ्याचं पाणी आजही प्राचीन दगडी पन्हाळींतून पडतं. तिथून सुमारे 180 किलोमीटर वाहत नदी चिलाचापजवळ हिंदी महासागराला मिळते. वाटेत बांजारनेगाराजवळ म्रिचा इथे एक मोठं धरण आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झालं. त्यावर वीज होते आणि खालच्या भाताला पाणी मिळतं. डिएंगची माती या जलाशयात साठत आली आहे आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने त्याची क्षमता गाळाने गिळली आहे. वर गेलेला मातीचा थर आणि खाली कमी झालेलं पाणी हे एकच नुकसान आहे, दोन ठिकाणी मोजलेलं.

उतारांची भीती इथे जुनी आहे. 1955च्या एप्रिलमध्ये एका रात्री लेगेतांग नावाची अख्खी वस्ती दरड कोसळून गाडली गेली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. तिथे आता एक स्मारकस्तंभ आहे आणि भोवती शेती. लेगेतांगचे लोक पैशाने माजले होते म्हणून त्यांना शिक्षा झाली, अशी कथा या भागात सांगतात. मेलेल्यांवर केलेला हा अन्याय आहे असं मला वाटतं. 12 डिसेंबर 2014 रोजी याच बांजारनेगारा जिल्ह्यात, डिएंगच्या खालच्या अंगाला जेम्ब्लुंग वस्तीवर डोंगर आला आणि पुन्हा शंभराच्या आसपास माणसं गेली. दोन्ही वेळा डोंगर सुटला, त्याला माणसांच्या पुण्य-पापाशी काही देणंघेणं नव्हतं.

दरडीपेक्षाही दगाबाज आहे तो इथला वायू. 20 फेब्रुवारी 1979च्या पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला. आवाजाने जागे झालेले गावकरी जीव घेऊन दुसऱ्या दिशेला पळाले. त्या वाटेवर, तिम्बांग विवराच्या परिसरात जमिनीच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला होता. हवेपेक्षा जड असलेला हा वायू सखल जागी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. सुमारे दीडशे माणसं चालता चालता कोसळली. स्फोटापासून दूर पळण्याची त्यांची निवड अगदी शहाणपणाची होती, आणि तीच जिवावर बेतली. म्हणून आता तिम्बांगवर सतत नजर ठेवली जाते. वायूचं प्रमाण वाढलं की गावांना इशारा जातो. 2011 मध्ये असंच गावकऱ्यांना हलवावं लागलं होतं. दोन-अडीच किलोमीटरांवरच्या गावांत तरीही शेतीची कामं चालू राहतात, कारण हीच जमीन कसदार आहे आणि ती ज्वालामुखीमुळेच कसदार आहे. याच भूमीच्या पोटातल्या वाफेवर डिएंगमध्ये 60 मेगावॉटचा वीजप्रकल्पही चालतो.

डिएंगच्या काही मुलांचे केस लहानपणी आपोआप गुंतून जटा होतात. बहुतेकदा तापाच्या आजारानंतर हे सुरू होतं, असं आईवडील सांगतात. ही मुलं ‘गिंबाल’. या प्रदेशाचा आद्य पुरुष मानला जाणारा क्याई कोलोदेते याचा अंश त्यांच्यात आहे, अशी श्रद्धा आहे. जटा मनाला येईल तेव्हा कापायच्या नाहीत. मुलाने आपणहून कापायला तयार व्हायचं आणि त्याच्या बदल्यात एक मागणं मागायचं. बकरी मागो, सायकल मागो, ते जसंच्या तसं पुरवावं लागतं, नाहीतर जटा पुन्हा येतात असं मानतात. कापलेले केस तळ्यात किंवा सेरायूच्या पाण्यात सोडतात. 2010 पासून भरणाऱ्या डिएंग महोत्सवात हा विधी अर्जुन मंदिराच्या आवारात हजारोंच्या गर्दीसमोर होतो. गर्दीमुळे विधीचं प्रदर्शन होतं, ही तक्रार खरी आहे. तरी मोठ्यांच्या जगात एका लहान मुलाचा शब्द अंतिम ठरतो, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते.

पर्यटन सेम्बुंगानलाही पोचलं आहे. गावामागच्या सिकुनिर टेकडीवरून सूर्योदयाला सिंदोरो, सुम्बिंग, मेरबाबू, मेरापी अशी ज्वालामुखींची रांग दिसते. ती पाहायला पहाटे चारपासून माणसांची रीघ लागते. गावातल्या घरांत खोल्या भाड्याने मिळतात. वाटेवर तळलेले छोटे बटाटे आणि पाकातली कारिका विकायला असते. कारिका ही दक्षिण अमेरिकेतून आलेली डोंगरी पपई. जावाच्या सपाटीवर ती नीट होत नाही, डिएंगच्या थंडीत होते. फळ शिजवून पाकात घालतात आणि बाटल्यांत भरून वोनोसोबोच्या प्रत्येक दुकानात विकतात. या झाडाला दरवर्षी जमीन उकरावी लागत नाही, मुळं माती धरून ठेवतात, म्हणून बांधावर कारिका आणि उतारावर कॉफी लावा असा आग्रह आता होतो. काही शेतकऱ्यांनी लावलीही आहे. पण कॉफीला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, आणि बटाट्याचा पैसा शंभर दिवसांत येतो. मधल्या वर्षांत घर कसं चालवायचं, हे सल्ला देणारा सांगत नाही.

खरा प्रश्न तिथेच आहे. सेम्बुंगानच्या शेतकऱ्याने एक आडवा चर खणला, चार झाडं लावली, तर त्याचा फायदा खालच्या धरणाला, भातशेतीला आणि विजेच्या ग्राहकांना होतो. तोटा मात्र त्याच्या एकट्याच्या सरीत होतो. सेरायूच्या पाण्यावर आणि विजेवर जगणाऱ्या सगळ्यांनी त्या मधल्या तीन-चार वर्षांची भरपाई वरच्या गावांना द्यायला हवी. ती मिळेपर्यंत उताराच्या सऱ्यांबद्दल सेम्बुंगानला दोष देण्याचा अधिकार खालच्या कुणालाही नाही.