पाचवीचा कोरा कागद

नातीचा जन्म होऊन दीड तासही झाला नसेल. परिचारिका हसतमुखाने खोलीत आली आणि तिने लेकीच्या हातात प्लास्टिकचा भलामोठा पेला दिला. झाकण लावलेला, नळी खोचलेला, आत काठोकाठ बर्फ आणि पाणी. न्यू जर्सीतल्या त्या दवाखान्यात बाळंतिणीचं स्वागत असंच होतं. माझ्या हातात मिरजेहून नेलेला थर्मास होता, त्यात ओवा आणि बाळंतशोपा घालून उकळलेलं पाणी. मी लेकीकडे बघतेय, लेक माझ्याकडे. मग ती "थँक यू" म्हणाली आणि बर्फाचं पाणी प्यायला लागली. आडमुठी वाटू नये म्हणून.

आदल्या संध्याकाळपासून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली एक बाई तेवढ्यात उठली. "हिला आजपासून सगळं गरम लागेल. गरम पाण्याचा जग मिळेल ना?" दोन मिनिटांत जग आला. गरम पाणी तिथे होतंच. ते मागणारं कोणीतरी हवं होतं.

ही बाई म्हणजे लेकीने ठेवलेली डूला. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, नाडी बघणारी किंवा टाके घालणारी नव्हे. गरोदरपणी घरी येऊन बोलणारी, कळा सुरू झाल्यापासून उशाशी थांबणारी, नंतरही येत राहणारी. सातव्या महिन्यात ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिने विचारलं होतं, "तुझ्या वेळी तुझ्या आईने काय काय खाल्लं होतं?" लेकीने मला फोन लावला आणि मी डिंक, अळीव, खारीक, मेथी, खसखस असं सांगत गेले, पलीकडे ती लिहून घेत गेली. पुढे एकदा मी तिला 'सुईण' म्हणजे काय ते समजावून सांगत होते. ती म्हणाली, "आमच्याकडे त्यांना ग्रॅनी म्हणायचे." ती स्वतः कृष्णवर्णीय. तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकाही कृष्णवर्णीय. आणि तिथला प्रश्न गरम पाण्याचा नाही, जिवाचा आहे.

पैसा, पदवी आणि तरीही

अमेरिकेत २०२३ साली एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांसाठी हाच आकडा ५०.३ होता. कोविडच्या २०२१ सालात तर तो ६९.९ वर गेला होता. तुलनेसाठी म्हणून सांगते, २०१८-२० या काळात आपल्या महाराष्ट्राचं माता मृत्यूचं प्रमाण ३३ होतं. दोन्ही देशांत मोजणीची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे वजाबाकी करत बसू नये. पण जगातल्या सगळ्यात महागड्या आरोग्यव्यवस्थेत हे घडतं, एवढं लक्षात ठेवावं.

गरिबी असेल, शिक्षण कमी असेल, असं आपल्याला चटकन वाटतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २००७ ते २०१६ या दहा वर्षांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात पदवीधर कृष्णवर्णीय बाईला पदवीधर गोऱ्या बाईच्या ५.२ पट धोका निघाला. शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षाही तो जास्त होता.

डॉ. शॅलन आयर्व्हिंग याच सीडीसीत साथरोगतज्ज्ञ होत्या. आरोग्यातली विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. पुढच्या तीन आठवड्यांत त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या. रक्तदाब चढत होता, पाय सुजत होते. २८ जानेवारीला, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्या गेल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी सेरेना विल्यम्सला धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला पूर्वी झाला होता, त्यामुळे काय होतंय ते तिला उमगलं. तिने नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करणारं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही काहीतरी बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही. अखेर स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. जगज्जेत्या खेळाडूलाही स्वतःच्या शरीराबद्दलचं म्हणणं लावून धरावं लागलं, तर रेस्टॉरंटात थाळ्या उचलणाऱ्या मुलीचं कोण ऐकणार?

हे न ऐकणं येतं कुठून? २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, अशा धाटणीचं एखादं तरी खोटं विधान जवळजवळ निम्म्यांना खरं वाटलं. ज्यांना वाटलं, ते कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरत होते. त्याखेरीज आयुष्यभराची झीज असते ती वेगळीच. अर्लिन जेरोनिमस या अभ्यासिकेने १९९२ मध्ये तिला 'वेदरिंग' म्हटलं. उन्हापावसात उघडं पडलेलं लाकूड जसं वयाआधी जुनं होतं, तसं रोजच्या अपमानाने आणि ताणाने शरीर लवकर थकतं.

ग्रॅनी गेल्या त्याची गोष्ट

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळापासून बाळंतपणं केली ती कृष्णवर्णीय सुइणींनी. स्वतःच्या वस्तीतली आणि मालकिणींचीही. त्या नाळ कापून निघून जात नसत. चूल पेटवायच्या, कपडे धुवायच्या, थोरल्या पोरांना जेवू घालायच्या.

१९२१ मध्ये शेपर्ड-टाउनर कायदा आला. माता-बालकांच्या आरोग्यासाठी सरकारी पैसा आला, सुइणींना प्रशिक्षण आणि परवाने मिळू लागले. पांढरा एप्रन, उकळलेली कात्री, निरीक्षणासाठी उघडून दाखवायची पिशवी. यातली स्वच्छता गरजेची होती, तिने जीव वाचले. पण निरीक्षणाच्या वहीत 'अडाणी', 'अंधश्रद्ध' असे शेरेही पडत गेले, आणि पुढे परवाने देणंच थांबलं. अलाबामाने १९७६ मध्ये परंपरागत सुइणींचं काम बेकायदा ठरवलं.

जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या मेरी कोली यांनी तीन हजारांहून जास्त बाळंतपणं केली. १९५३ साली जॉर्ज स्टोनी यांनी त्यांच्यावर 'ऑल माय बेबीज' हा माहितीपट काढला, तोही राज्याच्या आरोग्य खात्यासाठी, सुइणींच्या प्रशिक्षणाकरिता. आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात आहे. म्हणजे ज्या कामाचा धडा म्हणून चित्रपट केला, तो चित्रपट जपला आणि काम मोडीत काढलं. अलाबामाच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांची कहाणी १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकाचं नाव 'लिसन टू मी गुड'. आपल्या भाषेत, 'नीट ऐक माझं'.

बायका रुग्णालयात गेल्या ते बरंच झालं. जास्त रक्तस्राव झाला तर रक्तपेढीच लागते. पण रुग्णालयाने सुइणीचे हात घेतले आणि तिचं बसणं बाहेर ठेवलं. उशाशी जी ओळखीची बाई असायची, तिची जागा रिकामी राहिली.

खुर्ची पुन्हा मांडताना

'डूला' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ दासी. मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात तो बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी वापरला आणि तो रुळला. गुलामांच्या वंशजांनी दासी म्हणवून घ्यावं का, म्हणून काही कृष्णवर्णीय स्त्रिया तो नाकारतात आणि स्वतःला 'बर्थ वर्कर' म्हणवतात. नाव काहीही असो, कामाचा उपयोग मोजला गेला आहे. पंधरा हजारांहून जास्त बायकांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं, की कळांच्या वेळी कोणी सलग सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा आखूडतो आणि बाईच्या मनात त्या दिवसाची कडू आठवण कमी राहते.

आमच्या डूलाच्या पिशवीत मालिशचं तेल होतं, तशीच एक वहीही होती. रक्तदाब किती, कोणत्या वेळी काय तक्रार केली, त्यावर कोण काय म्हणालं, हे सगळं ती वेळ घालून लिहायची. "लिहिलेलं दिसलं की लोक नीट उत्तर देतात," ती म्हणाली. आपल्या सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या मला हे लगेच पटलं.

फ्लोरिडात जेनी जोसेफ या ब्रिटनमध्ये शिकलेल्या सुईणबाईंनी याच वाटेने दवाखाना उभा केला. पैसे नाहीत, विमा नाही, दिवस भरत आले, तरी कोणाला दारातून परत पाठवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. देशभरातल्या अशा संस्थांना जोडणारी 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स' २०१८ पासून दर ११ ते १७ एप्रिल कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळते. देशातल्या दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही गरिबांची सरकारी योजना उचलते. तिच्यातून डूलाचे पैसे देण्याची सुरुवात ऑरेगन आणि मिनेसोटाने केली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून. त्याआधी ज्यांना सर्वांत गरज, त्यांनाच डूला परवडत नव्हती.

सव्वा महिना

सीडीसीने २०१७ ते २०१९ मधल्या मृत्यूंची छाननी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभराच्या काळात झालेले आढळले. दवाखान्यातून दोन दिवसांत घरी, पुढची तपासणी बहुधा सहा आठवड्यांनी, आणि देशपातळीवर पगारी बाळंतरजेचा कायदाच नाही. म्हणजे सगळ्यात नाजूक दिवसांत बाई घरी एकटी. मेडिकेडचं छत्रही पूर्वी साठ दिवसांतच उडायचं. २०२१ च्या कायद्याने ते वर्षभर ठेवायची मुभा दिली आणि बहुतेक सगळ्या राज्यांनी ती घेतली.

नेमका हाच काळ जगभरच्या आज्यांनी राखून ठेवला होता. मेक्सिकन घरांत 'क्वारेंतेना' म्हणजे चाळीस दिवस. चिनी घरांत महिनाभर 'झुओ युएझी'. कोरियन बाळंतिणीला समुद्रशेवाळाचं गरम सूप. मिनेसोटात स्थायिक झालेल्या ह्मोंग लोकांत तीस दिवस वनस्पती घातलेलं कोंबडीचं पाणी आणि भात. थंड पाणी त्यांनाही वर्ज्य. वार पुरण्याची त्यांची रीत आहे, आणि अमेरिकी रुग्णालयं वार वैद्यकीय कचऱ्यात टाकत. ज्या गावात आपली नाळ पुरली त्या गावाची ओढ सांगणाऱ्या आपल्याला हे दुःख वेगळं समजावायला नको.

आपल्याकडेही 'बाळंतिणीला एकटं सोडू नये' म्हणतात. कारण भुताखेतांचं सांगतात, पण परिणाम बघा: सव्वा महिना तिच्यावर कोणाची तरी नजर. चेहरा सुजला, डोकं ठणकलं, अंगावरून जास्त गेलं, किंवा ती नुसतीच भिंतीकडे बघत बसली, तरी ते बघणारं माणूस घरात.

पण आपल्या आज्यांनाही सगळंच ठाऊक होतं असं नाही. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळंतिणीला पाणी तोडायचं, बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवायची, यांनी नुकसानच केलं. लेकीला गरोदरपणीचा मधुमेह होता. दक्षिण आशियाई बायकांत तो जास्त आढळतो. तिला दिलेल्या आहाराच्या कागदावर टोस्ट होता, टर्की होती, भाकरीचं नाव नव्हतं. आणि माझ्या डब्यात गुळाचे पन्नास लाडू! दोन्ही बाजू हटून बसल्या असत्या तर लेकीचे हाल होते. मूळच्या तमिळ असलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मार्ग काढला: लाडू लहान वळा, गूळ निम्मा, मेथी वाढवा, खाऊन झालं की चालायला न्या. संस्कृतीची जाण ठेवून उपचार करणं म्हणतात ते एवढंच. त्यांनी ना लाडवाला नाक मुरडलं, ना मधुमेहाकडे काणाडोळा केला.

यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या आपल्या संस्थेचा दवाखाना बांधताना आधी आदिवासींना विचारलं. त्यांना सोबत येणाऱ्या नातलगांसाठी जागा हवी होती, म्हणून इमारतीऐवजी झोपड्यांसारखी रचना झाली, आणि नाव पडलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. विचारलं की उत्तर मिळतं.

पाचवी

पाचव्या दिवशी मी पाट मांडला. कुंकू, दिवा, कोरा कागद आणि पेन. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. डूला बाळंतिणीला बघायला आली होती, तिने कागदाबद्दल विचारलं. मी सांगितलं. तिने थोडा वेळ कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "मग लिहिलेलं बदलता येतं का?"

नाही, असं आपल्याकडे म्हणतात. गरिबी, आजार, अपमान 'पाचवीला पुजलेला' म्हणतो आपण आणि गप्प बसतो. पण अमेरिकेतले ऐंशी टक्क्यांहून जास्त मातामृत्यू टळण्याजोगे होते, असं सीडीसीचीच छाननी सांगते. आणखीही एक गोष्ट मला डूलाकडूनच कळली होती. पहिलं सिझेरियन झालेल्या बाईला पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूती जमेल का, हे सांगणारं एक गणिती कोष्टक डॉक्टर वापरत. त्यात वंशाचा रकाना होता. कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असं भरलं की शक्यता आपोआप घटायची. लोकांनी आक्षेप घेतला, २०२१ मध्ये तो रकाना निघाला. ते सटवाईने लिहिलेलं नव्हतं. माणसांनी लिहिलेलं होतं, माणसांनी खोडलं.

मी डूलाला उत्तर दिलं नाही. तिच्यासमोर गरम पाणी ठेवलं आणि अर्धा लाडू. तिने वही उघडली, रक्तदाबाचं यंत्र लेकीच्या दंडाला बांधलं आणि आकडा लिहून घेतला. वर तारीख घातली, वेळही.