मधुमेहाचा आरंभ कोठे होतो?

डोहाळजेवणाच्या दिवशी गर्भवतीच्या ताटात पेढे, बर्फी, श्रीखंड वाढण्याची हौस पुण्यात असो वा भोपाळच्या मराठी घरात असो, सारखीच असते. “दोन जिवांची आहे, खाऊ द्या तिला,” असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. त्यांच्या मायेत उणे काही नाही. परंतु त्या दुसऱ्या जिवापर्यंत नेमके काय पोचते, याचा विचार क्वचितच होतो.

आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे सहज जाते. पण साखरेचा विनियोग करणारे इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. आईच्या रक्तात साखर वाढली की गर्भाकडेही ती अधिक जाते आणि ती पेलण्यासाठी त्याच्या इवल्याशा स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन तयार करावे लागते. या इन्सुलिनमुळे गर्भाच्या अंगावर चरबी चढते. मूल मोठे होते, प्रसूती अवघड होते. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकाएकी थांबते, इन्सुलिन मात्र शिल्लक राहते. त्यामुळे नवजात बालकाची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

ज्या स्त्रीला पूर्वी मधुमेह नव्हता, तिलाही गर्भारपणात तो जडू शकतो. कारण वारेतून स्रवणारी द्रव्ये इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. हा विकार बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणूनच पहिल्या तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासावे, असे आपल्या देशातील शासकीय मार्गदर्शन सांगते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर आहार व व्यायाम यांनी, आणि जरूर पडल्यास औषधाने, ती आटोक्यात ठेवता येते.

येथवर मोठ्या बाळाची गोष्ट झाली. पण आपल्याकडे बाळे बहुधा लहान जन्मतात आणि तरीही मधुमेह वाढतच आहे, याची संगती कशी लावावयाची? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच कोडे हाती घेतले. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाहून तरुण आणि सडपातळ असत. मग आजाराचे मूळ प्रौढपणातील खाण्यापिण्यापेक्षाही मागे, जन्मापूर्वीच्या काळात असावे काय?

१९९३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने पुण्याजवळील सहा खेड्यांत अभ्यास आरंभिला. स्त्रिया गरोदर होण्याच्या आधीपासूनच त्यांच्या आहाराची व प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. येथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र स्नायू व पोटातील अवयव यांत आपली बालके जितकी उणी होती, तितकी ती चरबीत उणी नव्हती. दिसावयास कृश, पण आतून स्थूल, असे हे बालक होते.

ही बालके सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्या मातांमध्ये ते कमी असून फोलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला. पुढे अठराव्या वर्षी तपासणी झाली. निम्मे तरुण-तरुणी वजनाने कमीच होते. तरीही ३७ टक्के मुलांत व १८ टक्के मुलींत साखर प्रमाणाबाहेर होती. बहुतेकांत तो मधुमेह नव्हता, त्याची पूर्वावस्था होती. पण सावध होण्यास तेवढे पुरेसे आहे. ज्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या व बाराव्या वर्षीच वरच्या बाजूस होती, त्यांना हा धोका अधिक होता.

याचा अर्थ आईला दोष द्यावा असा मुळीच नव्हे. जी मुलगी घरात सर्वांच्या शेवटी, उरलेले खाऊन वाढली, तिच्या उणिवेचा हिशेब तिच्या मुलाच्या शरीरात मांडला जातो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून २०१२ पासून डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच खेड्यांत वाढलेल्या या मुलामुलींना आईबाप होण्यापूर्वीच ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग हाती घेतला.

आपण घरी काय करावे? गर्भवतीची साखर वेळेवर तपासून घ्यावी. ती वाढलेली निघाली, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढेही नियमाने तपासणी चालू ठेवावी. कारण अशा स्त्रीला नंतर मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. आणि घरातील वाढत्या मुलीच्या ताटात पालेभाजी, फळ, दूध-दही, चालत असल्यास अंडे वा मासळी, भावाच्या बरोबरीने पडते की नाही, हे रोज पाहावे. डोहाळजेवण एक दिवसाचे असते. नातवंडांच्या प्रकृतीची तयारी मात्र त्याच्या कितीतरी वर्षे आधी, या रोजच्या ताटातून होत असते.