मण्यारीचा दंश : औषध आणि श्वास

आरमोरीचा परिसर म्हणजे वैनगंगेकाठची धानाची शेती आणि जंगल. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर अनेकदा त्याला कळतही नाही. वेदना फारशी होत नाही, खूण जेमतेम दिसते. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या मिटतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या विषानेही असाच पक्षाघात होतो. मग दोन्हींवर सारखीच औषधे सारखीच का लागू पडत नाहीत?

स्नायू हलतो कसा, ते आधी पाहू. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते. कुलपात किल्ली बसावी तसे ते स्नायूवरील ग्राहकांवर बसते आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाचे विष या कुलपातच अडकून बसते. अशा वेळी निओस्टिग्मिन उपयोगी पडते. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते; त्यामुळे किल्ल्यांची संख्या वाढते आणि मोकळी कुलपे उघडू लागतात. या औषधाने हृदयाची गती मंदावते व लाळ वाढते, म्हणून सोबत ॲट्रोपिन देतात.

मण्यारीचे विष मुख्यतः किल्ल्या तयार होतात तेथेच, म्हणजे चेतातंतूच्या टोकावर, घाव घालते. किल्लीच नसेल तर निओस्टिग्मिन काय करणार?

प्रतिविष मात्र दोन्हींत द्यावे लागते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा देतात, कारण साप वय पाहून विष टोचत नाही! कधी प्रतिविषाचीच तीव्र ॲलर्जी होते. तेव्हा ॲड्रिनलिन जीव वाचवते.

पण प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधते, मोडलेली टोके जोडत नाही. ती पुन्हा वाढायला काही दिवस लागतात. तोवर हातपंपाने किंवा यंत्राने श्वास देत राहणे हाच उपचार. अशा रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, बोटही हलत नाही; तरी तो शुद्धीवर असू शकतो, आपले बोलणे ऐकत असू शकतो. तो गेला असे समजून प्रयत्न सोडू नयेत.

म्हणून वर्गात आपण एवढे जरूर सांगूया : खाटेवर, मच्छरदाणीत झोपावे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मांत्रिकाकडे न जाता, दंशाचा हातपाय हलू न देता, थेट रुग्णालय गाठावे. तिथवर पोचताना गेलेला वेळ कोणतेही औषध परत देत नाही.