पुस्तकी किंमत शून्य

पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल, की तेथे वस्तूची किंमत विक्रेता ठरवीत नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा ठरवितो. दोन वर्षांपूर्वी तेथे लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा, २० इंची कृष्णधवल दूरचित्रवाणी संच दृष्टीस पडला आणि माझ्या चेहऱ्याने दगा दिला. १,८०० रुपयांपासून बोलणे सुरू होऊन १,२०० रुपयांवर सौदा ठरला. नोकरीभर घसारा मांडलेल्या मनुष्याने पुस्तकी किंमत शून्य झालेली वस्तू रोखीने घ्यावी, याचे आमच्या सौभाग्यवतींना वाटलेले आश्चर्य अद्याप ओसरलेले नाही.

माझ्या पिढीला या पेटीचे अप्रूप का, हे तरुण वाचकांस थोडे सांगावयास हवे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांच्या घरी चित्र पोहोचले. रंग आले ते १९८२ मध्ये. मधल्या दहा वर्षांत ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारा वाडा, असा प्रकार होता. गच्चीवरच्या अँटेनावर कावळा बसला तरी खाली पडद्यावर मुंग्या येत, आणि मग एकाने वर जाऊन दांडा फिरवावयाचा व दुसऱ्याने खिडकीतून ओरडून कळवावयाचे!

घरी आणलेला संच लगेच विजेला जोडावयाचा नसतो. हौशी मंडळींनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या संचातील कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम पूर्ण दाब मिळाला, तर ते फुटतात किंवा इतर भाग जाळून जातात. जुने कारागीर म्हणून सिरीज बोर्ड वापरतात. संचाच्या वाटेत १०० वॅटचा साधा दिवा जोडलेला असतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर ठीक. प्रखर तेवतच राहिला, तर आत कोठे तरी शॉर्ट आहे. खरेदीपूर्वी पिक्चर ट्यूबची मान पाहावी. तिच्या आतल्या बाजूस आरशासारखा चंदेरी थर असतो. तो दुधी पांढरा झाला असेल, तर ट्यूबमध्ये हवा शिरली, असे समजून पेटी तेथेच सोडावी. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. कृष्णधवल ट्यूबला दहा हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि संच बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. मागचे झाकण उघडण्याचे धाडस जाणकाराविना कोणीही करू नये.

असा जाणकार मिळविणे हेच खरे कठीण. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात सुटे भाग मिळतात, परंतु तेथील तरुणांनी संच पाहून हात जोडले. तेव्हा मला एक नाव आठवले, आणि आठवल्यावर काहीसे अवघडल्यासारखेही झाले.

२००१ साली मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. जवळच सात फूट बाय नऊ फुटांच्या गाळ्यात टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी ऑसिलोस्कोप घेण्यासाठी ३५,००० रुपयांचे कर्ज मागितले होते. जुना संच द्या, नवा घ्या, अशा योजना त्या वेळी जोरात होत्या. मी हिशेब केला आणि शेरा मारला, की पाच वर्षांत हा व्यवसाय संपुष्टात येईल. त्यांना तसे तोंडावर सांगितलेही.

ते गृहस्थ आता सत्तरी ओलांडलेले. गाळा गेला आहे. घराच्या पडवीत एक टेबल उरले आहे. त्यांनी मला ओळखले, खुर्ची दिली, चहा मागविला. मीच विषय काढला.

"तुमचं चुकलं नव्हतं, साहेब," ते म्हणाले. "मुलाला मी मोबाईल दुरुस्तीतच घातलं. फक्त धंदा पाच वर्षं नाही, बारा वर्षं चालला."

कर्जाची मुदत तीन वर्षांची होती. तीन कर्जे फिटून वर्षे उरली असती, हा हिशेब मी चहा संपेपर्यंत मनात करून टाकला. बोलून दाखविला नाही.

चार शनिवार लागले. अकरा कंडेन्सर बदलले, सुटलेले सांधे पुन्हा जोडले. दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास सर्वत्र बंद केल्यामुळे नुसत्या अँटेनावर आता मुंग्याच दिसतात. म्हणून फ्री डिशचा खोका आणि संच यांच्यामध्ये एक लहानसा मॉड्युलेटर बसविला. फ्री डिशला मासिक शुल्क नाही, हे येथे नमूद केलेले बरे. कळ फिरविली. आधी आवाज आला, लाकडी पेटीतून येतो तसा भरदार, आणि मग हळूहळू राखाडी चित्र. ६२५ रेषांचे ते चित्र आजच्या पडद्यापुढे अंधुकच. परंतु माझ्या आठ वर्षांच्या नातीने पहिला प्रश्न विचारला तो चित्राविषयी नव्हे. "आजोबा, याला दारं का आहेत?"

दुरुस्तीचे देयक ६४० रुपयांचे झाले. मी हजार पुढे केले, तेव्हा त्यांनी ३६० रुपये मोजून परत दिले.

अजूनही मी शनिवारी त्यांच्याकडे जातो. आता एक व्हॉल्व्ह रेडिओ हाती घेतला आहे. लावल्यावर अर्धा मिनिट तापेपर्यंत तो शब्दही काढीत नाही. त्यांना मोतीबिंदूमुळे रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या नीट दिसत नाहीत. मी रंग वाचावयाचे, त्यांनी किंमत सांगावयाची, आणि मी ती एका जुन्या खतावणीत टिपून ठेवावयाची, अशी वाटणी झाली आहे. ४६ पाने भरली.

गेल्या शनिवारी मी वाचले, "तपकिरी, काळा, नारिंगी."

"दहा हजार ओहम," ते मान वर न करता म्हणाले. "आणि चौथी पट्टी, साहेब? ती वाचायची राहिली."