एकच इंजिन, पण ८० घोडे कमी का?

बाईकवर डबलसीट, पाठीवर दोन बॅगा आणि समोर खंबाटकी घाट. टॉप गिअरमध्ये चढायचा प्रयत्न केलाय कधी? गाडी आचके द्यायला लागते आणि आपण गपचूप दोन गिअर खाली येतो. आता बाईकच्या जागी चाकांवरचा अख्खा वन बीएचके आणा. पलंग, फ्रीज, बाथरूम, पाण्याची टाकी, जनरेटर, सगळं घेऊन चढायचंय!

अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोमचं हे रोजचं काम. (तिकडे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, त्यामुळे ‘गॅस मोटरहोम’ वाचून सीएनजी समजू नका.) बसएवढ्या पेट्रोल मोटरहोमसाठी आज जवळपास एकच चासी आहे, फोर्डची एफ-५३. सगळ्यात दणकट व्हर्जनवर सामान-माणसांसकट सुमारे ११.८ टन वजन चालतं.

पूर्वी चॉइस होता. जीएमचं ७.४ लिटर व्ही-८ होतं, फोर्डचं ७.५ लिटर होतं. मग फोर्डनं ६.८ लिटरचं व्ही-१० आणलं आणि वर्कहॉर्स कंपनीच्या चासीवर जीएमचं ८.१ लिटर व्ही-८ त्याला टक्कर देत होतं. २००९ मध्ये जीएमनं ते बंद केलं आणि मैदान फोर्डला मोकळं झालं. २०२० च्या सुमारास व्ही-१० सुद्धा रिटायर झालं. त्याच्या जागी आलं ७.३ लिटरचं व्ही-८, म्हणजे तुमच्या १०० सीसी बाईकची ७३ इंजिनं एकत्र!

खरी गंमत पुढे आहे. माझ्या मेकॅनिकलवाल्या मित्राला मी या इंजिनाचे आकडे दाखवले, तर म्हणाला, ‘प्रिंटिंग मिस्टेक आहे राव.’ कारण सुरुवातीला हेच इंजिन फोर्डच्या सुपर ड्युटी पिकअपमध्ये ४३० हॉर्सपॉवर द्यायचं आणि त्याहून कितीतरी जड मोटरहोममध्ये फक्त ३५०. उलटं नको का?

नको. पिकअप बहुतेक वेळा रिकामी फिरते, पूर्ण ताकद कधीतरी मिनिटभर लागते. मोटरहोम घरातून निघतानाच फुल लोडेड असतं आणि चढावर कितीतरी वेळ पूर्ण ताकद मागतं. म्हणून पिकअपमध्ये ४३० हा आकडा ५,५०० आरपीएमला मिळायचा, तर मोटरहोममध्ये ३५० हा ३,९०० लाच. इंजिन कमी पळवायचं, कमी तापवायचं, म्हणजे ते जास्त टिकतं. ओढण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मात्र फारसा घटत नाही. सुरुवातीच्या पिकअपमध्ये तो ६४४ न्यूटन-मीटर होता, इथे ६३४.

डिझाइनही असंच ‘जुन्या वळणाचं’ आहे. व्ही-१० मध्ये वर हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट होते. नव्यात एकच, तोही खाली ब्लॉकमध्ये, आणि व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड. ब्लॉक चक्क बिडाचा. सिलिंडर दोन कमी, कॅमशाफ्ट एक कमी. नवं इंजिन म्हणजे जास्त गुंतागुंतीचं, हे इथे खोटं ठरतं.

मग डिझेल का नाही? घ्या की, पण डिझेल मोटरहोम बरंच महाग पडतं. पेट्रोलवाल्याचे तोटेही ऐकून ठेवा. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. जुन्या लाल डब्यात ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटजवळ बसला असाल, तर आवाज आणि गरमी सांगायला नको. अ‍ॅव्हरेज लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर. शिवाय टर्बो नाही. कोलोरॅडोतला आयसेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा जवळपास ३० टक्के विरळ, म्हणजे ३५० घोड्यांचे उरतात २५० च्या आसपास. टर्बो डिझेलला ही झळ फार कमी बसते.

तुम्हाला काय त्याचं? तुमच्यातले काही जण एमएसला तिकडे जाणार, सुट्टीत पाच-सहा जण मिळून मोटरहोम भाड्याने घेणार. भाड्याची बरीचशी छोटी मोटरहोम फोर्डच्या ई-४५० चासीवर असतात आणि नव्या ई-४५० मध्ये हेच ७.३ लिटर इंजिन आहे. बहुतेक राज्यांत साधं लायसन्स चालतं. म्हणजे कालपर्यंत अ‍ॅक्टिव्हा चालवणारा हात थेट पाच-सहा टनांवर!

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. चढावर इंजिन ओरडलं तर घाबरू नका, ते त्याचं काम करतंय. उजवी लेन पकडा आणि निवांत चढा. खरी परीक्षा उतारावर आहे. ब्रेकवर पाय दाबून बसलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा आणि ‘टो-हॉल’ मोडचं बटण दाबा. गाडी खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच तिला धरून ठेवतं.

खंबाटकीला चढताना दोन गिअर खाली आला होतात ना? तिकडे उतरतानाही तेच करायचंय.